चार आवाज, एक स्पीकर

आज जरा बेरजेबद्दल. आवाज मिक्स करणं म्हणजे नुसती बेरीजच. दर क्षणाला प्रत्येक आवाजाचा एक आकडा असतो. ते आकडे मिळवायचे, झालं! गंमत सुरू होते ती बेरीज मावत नाही तेव्हा.

१९८५ च्या अमिगा कॉम्प्युटरात 'पॉला' नावाची चिप होती. ८ बिटांचे चार चॅनेल, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. बेरजेची कटकट चिपच सांभाळायची. १९८९ च्या साउंड ब्लास्टर कार्डात मात्र रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी एकच चॅनेल. म्हणजे चार वाद्यांची बेरीज आली प्रोग्रामरच्या गळ्यात. ८ बिटांत वर मावतात १२७, आणि चौघांची बेरीज जाऊ शकते ५०८ वर. मग चारने भागा, म्हणजे प्रत्येकाचे २ बिट गेले. नाहीतर वरचं छाटा, म्हणजे आवाज फाटला.

आता मधली बेरीज फ्लोटिंग पॉइंटमध्ये होते, तिथे जागा भरपूर. पण स्पीकरकडे जाताना मर्यादा आहेच. मिरवणुकीतला डीजे फाटतो, तो बऱ्याचदा या छाटणीमुळेच.

आमच्या चांदूर रेल्वेहून गुरुकुंज मोझरी जवळच, त्यामुळे खंजिरी भजन कानावर पडलेलं. गाणारा पद उचलतो तेव्हा पेटीवाला हात हलका करतो. मिक्सिंग म्हणजे हेच की! सगळे ऐकू यायचे तर प्रत्येकाने थोडं उतरायला हवं.

म्हणून माझं स्पष्ट मत: ऑडिओ लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाने ही बेरीज एकदा तरी स्वतः लिहावी. नाहीतर आवाज का फाटला ते कळत नाही, आणि उपाय एकच सुचतो, अजून वाढवा!