टर्बोचा दाब : पाना उचलण्यापूर्वी

१९९८ साली पुण्याची टाटा सफारी रस्त्यावर आली, २००२ साली नाशिकची महिंद्रा स्कॉर्पिओ आली, आणि २००७ साली १२४८ घनसेंटिमीटरचे, मूळ फियाटच्या रचनेचे मल्टिजेट इंजिन स्विफ्टच्या बॉनेटखाली बसून मध्यमवर्गाच्या दारात उभे राहिले. या दहा वर्षांत टर्बोचार्जर ही वस्तू, जी तोवर ट्रकच्या मिस्त्रींची मिरास समजली जात होती, ती मोटारगाडीच्या कारागिरांच्या पदरी कायमची पडली. १ एप्रिल २०२० पासून उत्सर्जनाचे नवे निकष अंमलात आले आणि लहान डिझेल गाड्यांचे उत्पादन बहुतेक ठिकाणी थांबले. गाड्या मात्र थांबल्या नाहीत. पंधरा-वीस वर्षे जुन्या झालेल्या या गाड्यांचा प्रतिपाळ आता कंपनीच्या वर्कशॉपांपेक्षा आमच्या वाचकांच्या गॅरेजांतच अधिक होतो, आणि म्हणून त्यांच्या टर्बोच्या दाबाविषयी काही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते.

मालक येतो आणि सांगतो की गाडीचा पिकअप गेला, घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावे लागते, आरशात काळा धूर दिसतो. या कैफियतीवर सर्वांत सोपा, सर्वांत स्वस्त आणि त्यामुळेच सर्वाधिक रूढ झालेला इलाज म्हणजे वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरचा लॉकनट सैल करून दांडी दोन-तीन आट्यांनी आखूड करणे, म्हणजेच आतल्या स्प्रिंगवरचा ताण वाढवून वेस्टगेट उशिरा उघडेल अशी तजवीज करणे. या इलाजाला आमचा विरोध आहे. दांडी आखूड केल्याने दाब वाढत नाही असे आमचे म्हणणे नाही; तो वाढतोच, आणि काही वेळा धूरही कमी होतो. परंतु जो दाब कमी झाला तो कोठे गेला, हा प्रश्न अनुत्तरित ठेवून त्याच्या जागी दुसरा दाब निर्माण करणे म्हणजे रोग तसाच ठेवून रोग्याला धावायला लावणे होय.

डिझेल इंजिनाचा मूळ स्वभाव या ठिकाणी ध्यानात घेतला पाहिजे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन एका ठरावीक प्रमाणात बांधलेले असतात. डिझेलमध्ये तसे नाही. तेथे शक्ती इंधनातून येते आणि हवा ही त्या इंधनाला स्वच्छ जळण्याची मुभा देते. ज्या जुन्या इंजिनांवर बॉशचा व्हीई जातीचा पंप आणि त्याच्या माथ्यावर एलडीए नावाची दाबाची डबी असते, तेथे मॅनिफोल्डमधील दाब एका पातळ डायफ्रामला खाली ढकलतो, त्याखालची निमुळती पिन सरकते आणि तिच्या उतारानुसार डिझेलची कमाल मात्रा वाढत जाते. ही पिन आपल्या प्रवासाच्या अखेरीस पोचली की दाब आणखी कितीही वाढवला तरी पंप थेंबभरही अधिक डिझेल देत नाही. अशा गाडीत दांडी आखूड करणारा कारागीर गरम हवा मात्र वाढवतो. कॉमन रेलच्या गाडीत तर प्रकार याहून विपरीत घडतो : मॅनिफोल्डचा सेन्सर अपेक्षेपेक्षा जास्त दाब नोंदवतो, नियंत्रक संरक्षणासाठी इंधन कापतो, आणि ज्या पिकअपसाठी हा उपद्व्याप केला तोच नाहीसा होऊन मीटरवर पिवळा दिवा लागतो.

मग दाब जातो कोठे? आमच्या मते सर्वप्रथम संशय घ्यावा तो रबरावर. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंत जाणारे होज पाईप वर्षानुवर्षे उष्णता, तेलाची वाफ आणि इंजिनाचे हादरे सोसत असतात. त्यांना बहुधा खालच्या बाजूने, जेथे नजर पोचत नाही तेथे, चीर पडते, आणि ती चीर इंजिन थंड आणि स्थिर असताना मिटलेली व भर लागला की उघडी अशी असते. तेलाचा ओला डाग हा तिचा पहिला साक्षीदार. टर्बोचे तोंड बंद करून, रेग्युलेटर लावून, एक बारच्या आतली हवा या मार्गात हळूहळू सोडावी आणि साबणाचे पाणी फिरवावे. इंटरकूलरच्या टोकाशी दगड लागून पडलेले भोकसुद्धा बुडबुड्यांनी प्रकट होते. व्हॉल्व्ह उघडे असलेल्या सिलिंडरातून थोडी हवा निसटणे स्वाभाविक आहे, तिला गळती समजू नये. याच ओघात एअर फिल्टर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून टर्बाइनपूर्वीच निसटणारा वायू, काजळीने अर्धवट उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह आणि तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांची चौकशी उरकावी. यांपैकी एकही दोष दांडीच्या आट्यांनी दुरुस्त होत नाही.

एक दोष मात्र असा आहे की जो तक्रार म्हणून कधी येतच नाही. कंप्रेसरकडून ॲक्च्युएटरकडे जाणारी बोटाहून बारीक नळी तडकली किंवा निसटली, तर वेस्टगेटला उघडण्याचा हुकूमच पोचत नाही, दाब मर्यादेपलीकडे चढतो, आणि विशेषतः नियंत्रक नसलेल्या जुन्या गाडीचा मालक आनंदाने सांगतो की गाडी अलीकडे फार छान पळू लागली आहे. अशी प्रशंसा ऐकताच कारागिराने बॉनेट उघडावे. हेड गॅस्केट जाईपर्यंत वाट पाहण्यासारखे हे सुख नव्हे.

मोजमापाचा मुद्दा आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो, कारण चर्चा पुष्कळ होते आणि गेज मात्र फार थोड्या गॅरेजांत आढळते. उभ्या गाडीचे ॲक्सिलरेटर दाबून दाब पाहणे निरर्थक आहे. भर नसला की एक्झॉस्टमध्ये पुरेशी ऊर्जा नसते आणि टर्बो आपले खरे काम दाखवत नाही. ॲक्च्युएटरच्या किंवा मॅनिफोल्डच्या नळीत टी जोडून, लांब नळीने गेज केबिनमध्ये आणावे, मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे १५०० फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा, आणि गेज वाचण्याचे काम शेजारी बसलेल्या दुसऱ्या इसमाकडे द्यावे. दाब किती चढला एवढेच नव्हे, तर तो कोणत्या फेऱ्यांवर चढू लागला, कोठे स्थिरावला आणि वरच्या फेऱ्यांत ढासळला की टिकला, याचीही नोंद व्हावी. उशिरा चढणारा पण शेवटी पूर्ण होणारा दाब बारीक गळतीकडे किंवा पूर्ण न मिटणाऱ्या वेस्टगेटकडे बोट दाखवतो; वेळेवर चढून वर ढासळणारा दाब बहुतेकदा कोंडलेल्या एक्झॉस्टकडे किंवा तुंबलेल्या फिल्टरकडे.

येथे आकड्यांचा एक घोटाळा नेहमी होतो. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवते, स्कॅनर बहुधा निरपेक्ष दाब दाखवतो. स्कॅनरवरचे १८०० मिलिबार म्हणजे मुंबईत गेजवरचे सुमारे ०.८ बार. म्हणून इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवावी आणि सेन्सर काय सांगतो ते पाहावे. समुद्रकाठी तो १००० च्या आसपास, पुण्यात ९५० च्या आसपास, महाबळेश्वरी ८६० च्या आसपास बोलला पाहिजे. नाही बोलला तर सेन्सर काजळीने माखला आहे किंवा बिघडला आहे, आणि त्याच्या साक्षीवर पुढचा कोणताही निवाडा करता येणार नाही. हाच हिशेब घाटातल्या तक्रारीचा एक भाग उलगडतो. साध्या वेस्टगेटची डबी भोवतालच्या हवेशी तुलना करून उघडते, म्हणून महाबळेश्वरच्या उंचीवर गेज तेच ०.८ दाखवत असले तरी इंजिनात पोचणारा एकूण दाब मुंबईपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी असतो. हा दोष नव्हे, निसर्गनियम आहे, आणि तो मालकाला समजावून सांगणे हाही आपल्या कामाचाच भाग आहे.

पाना उचलण्याची घाई किती जुनी आहे याचा दाखला मर्सिडीजच्या ३०० एसडी या गाडीत सापडतो. १९७८ साली अमेरिकेच्या बाजारासाठी काढलेली, पाच सिलिंडर आणि तीन लिटरचे इंजिन असलेली ही गाडी कारखान्यात नियमितपणे तयार झालेली पहिली टर्बो डिझेल मोटारगाडी होय. तिच्या पंपावर एएलडीए नावाची, एलडीएसारखीच पण वातावरणाच्या दाबाचाही हिशेब ठेवणारी डबी आहे, आणि मॅनिफोल्डचा दाब तिच्यापर्यंत एका पोकळ बोल्टमधून आणि एका लहानशा व्हॉल्व्हमार्गे जातो. वर्षे लोटतात, बोल्टच्या सूक्ष्म छिद्रात काजळी साचते, टर्बो पूर्ण दाब निर्माण करीत असतो पण पंपाला त्याची वार्ताच लागत नाही. गाडी धूर न करता मंद होते. टर्बो बदलणारे, एएलडीएचा स्क्रू फिरवणारे आणि पंपाची मात्रा वाढवणारे कारागीर त्या देशातही पुष्कळ झाले, आणि इलाज मात्र बोल्ट काढून तो साफ करणे एवढाच होता. काळा धूर आणि मंदपणा एकत्र असतील तर हवा कमी आहे. धूर नाही आणि मंदपणा आहे तर इंधन, किंवा इंधनाला मिळणारी वार्ता, कमी आहे. हा भेद ज्याला ठाऊक आहे त्याची निम्मी तपासणी गाडी गॅरेजात शिरतानाच होते.

एवढे सगळे पाहून झाल्यावरही दाब कमी असेल, तर मग दांडीकडे अवश्य वळावे. ॲक्च्युएटरला हातपंपाने गेज लावून हवा द्यावी आणि दांडी कोणत्या दाबाला हलू लागते व कोणत्या दाबाला पूर्ण सरकते हे उत्पादकाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे. गॅरेजच्या कंप्रेसरची सात-आठ बारची लाइन थेट जोडणे म्हणजे डायफ्राम फाडण्याचीच व्यवस्था. दांडी जुळवावी लागलीच तर अर्ध्या फेऱ्याने जुळवावी, मूळ आट्यांची संख्या आधी लिहून ठेवावी आणि दर खेपेस रस्त्यावर पुन्हा दाब पाहावा. पाती फिरणाऱ्या टर्बोत बहुधा डबी व्हॅक्यूमवर चालते व नळी गळाली की दाब वाढण्याऐवजी उतरतो, हे लक्षात ठेवले की पुरे. त्या पात्यांच्या थांब्याचा स्क्रू तर कोणत्याही सबबीवर छेडू नये.

हा सर्व खटाटोप दोन तासांचा आहे, आणि दांडी आखूड करणे दहा मिनिटांचे. मालक पाना फिरवल्याचे पैसे देतो, तपासणीचे देत नाही, अशी वाचकांची तक्रार आम्ही वारंवार ऐकतो, आणि ती खरी आहे. पण तिचा बंदोबस्त गॅरेजवाल्यांनीच केला पाहिजे : बिलात दाबतपासणीची वेगळी ओळ असावी, तिच्याखाली भरासहित मोजलेला दाब, फेऱ्या आणि ठिकाण लिहावे, आणि दांडीला हात लावला असल्यास आधीचे व नंतरचे आटेही नमूद करावेत. पुढच्या वेळी ती गाडी कोणत्याही गावी, कोणत्याही कारागिरापुढे उभी राहिली, तरी त्याला हा कागद पाहून कामास सुरुवात करता येईल.