ट्रिमवर चालणारी गाडी

दिवाळीला घरी जाताना बॅगेत एक रिमोटची गाडी कोंबली. खेळण्यांच्या दुकानातली नव्हे. १:१० मापाची टूरिंग कार, सुटे भाग आणून स्वतः जोडायची. "तिशी उलटली तरी खेळणी!" असं बायको म्हणते, आणि तिचं बरोबरच आहे. पण आजचा विषय त्या खेळण्यामुळेच सुचला, तेव्हा थोडं सहन करा.

अहमदपूरच्या आमच्या गच्चीवर गाडी सोडली, तर ती उजवीकडे पळायला लागली. मी रिमोटवरचं ट्रिमचं बटण चारदा डावीकडे दाबलं. गाडी सरळ. दोन सेकंदांचं काम. भाचा (वय वर्षं अकरा) थोडा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मामा, उजवीकडं वळताना ही लहान चक्कर घ्यायली, डावीकडं मोठी. असं का करायली?"

मी गप्प. कारण उत्तर मला माहीत होतं. चाकं वळवणाऱ्या सर्व्हो मोटारीला दोन्ही बाजूंना ठरावीक मोकळीक असते. गाडी सरळ चालावी म्हणून मी डावीकडची थोडी मोकळीक आधीच खर्च करून टाकली होती. मग डावं वळण मोठं होणारच. दोष गेला नव्हता, फक्त दुसरीकडे सरकला होता.

मग रीतसर कामाला बसलो. आधी एक शंका काढून टाकायची होती. पावसाचं पाणी जावं म्हणून गच्चीला उतार असतो, तेव्हा गाडी उतारानं जाते की स्वतःच्या खोडीनं? उलट दिशेनं सोडली. तरी तिच्या उजवीकडेच गेली. म्हणजे खोड तिचीच. मग सपाट जागा हवी, आणि आमच्या घरात खात्रीची सपाट जागा एकच, स्वयंपाकाचा ओटा. त्यावर चाकं ठेवल्याबद्दल आईनं जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

ट्रिम शून्यावर, सर्व्हो मध्यावर. मग चाकं हातानं हलवून कुठे सैल खेळ आहे का ते पाहिलं. मग कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक किती कललंय ते. शेवटी टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं आत वळलीत की बाहेर. एका बाजूचा टायरॉड दुसरीपेक्षा दीड मिलिमीटर लांब निघाला. जोडताना मीच घाईत मोजला नव्हता. ६४ मिलिमीटर व्यासाच्या चाकाला एक अंश टो म्हणजे पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम १.१ मिलिमीटरचा फरक. त्यामुळे दीड मिलिमीटर ही तिथे थट्टा नाही.

दारात अण्णा उभे होते. म्हणाले, "आपली गाडी पण उजवीकडंच वढायली की वर्षभरापासून."

हे मला माहीत होतं. फोनवर दोनदा सांगितलं होतं, "अलाइनमेंट करून घ्या." त्यांनी दोनदा करून घेतलीही. दोन्ही वेळा गॅरेजमधून सगळे आकडे हिरवे असलेला कागद मिळाला, आणि मी पुण्यात बसून समाधानी. महिन्यातून एकदा आईला लातूरला डॉक्टरकडे न्यायचं, तेव्हा अण्णा चाकूरमार्गे अख्खा रस्ता स्टेअरिंग किंचित डावीकडे धरून चालवायचे. डावा खांदा दुखतो म्हणायचे. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं.

आपल्याकडे दोनपदरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. त्यामुळे गाडी थोडी डावीकडे गेली तर रस्त्याचा दोष असू शकतो. उतार चढून उजवीकडे, समोरून येणाऱ्या ट्रककडे जात असेल तर दोष गाडीचाच धरायचा. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीनं जॅक लावला. चाक आधी दोन्ही बाजूंनी धरून हलवलं, मग वर-खाली धरून हलवलं. वर-खाली धरल्यावर टक् टक् आवाज आला. लोअर आर्मचा बॉल जॉइंट गेला होता. उभ्या गाडीवर आकडे हिरवे येणार, आणि ब्रेक दाबला की चाक आपल्या मर्जीनं कलणार. आधीच्या गॅरेजवाल्यानं चाक हलवून पाहिलंच नव्हतं. पण मी तरी कुठे विचारलं होतं?

टायर आतल्या कडेला गुळगुळीत झाला होता. साधा हिशेब करून पाहा. चाक प्रवासाच्या दिशेपेक्षा एक अंश तिरकं असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे १७ मीटर आडवं ओढलं जातं. साठ किलोमीटरला झालं एक किलोमीटर! टायर लवचिक असतो, तो थोडं सोसून घेतो. पण किंमत त्याच्या रबरातूनच जाते.

तर मंडळी, माझं म्हणणं असं. ट्रिम वाईट नाही. शर्यत सुरू असताना गाडी ओढायला लागली तर ट्रिमच दाबायची असते. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर आपणही कोडमध्ये 'तूर्तास' म्हणून एक ओळ टाकतोच, आणि त्या वेळी ते योग्यच असतं. पण ट्रिम म्हणजे उधारी. ती कुठेतरी लिहून ठेवायची आणि वेळ मिळताच फेडायची. आपण काय करतो, गाडी सरळ चालली की विसरतो. मग ती उधारी दुसराच कुणीतरी फेडत बसतो. ऑफिसात नवा आलेला पोरगा फेडतो, घरात अण्णांचा खांदा फेडतो.

आणि फोनवरून "करून घ्या" म्हणणं ही माझी ट्रिमच होती. चार शब्द बोललो, मन सरळ झालं. चाक हलवून बघायला जावंच लागतं.

परतताना अण्णा लातूरपर्यंत सोडायला आले. बॉल जॉइंट बदलून, त्यानंतर अलाइनमेंट केलेली. चाकूर मागे पडल्यावर त्यांनी स्टेअरिंगवरची पकड जराशी सैल केली. गाडी सरळच राहिली. म्हणाले, "हलकी झाली की रे." पुढे बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

रिमोटची गाडी आता भाच्याकडे आहे. ट्रिमच्या बटणावर त्यानं चिकटपट्टी लावलीय.