वजाबाकीची कला

ज्यास एकही वाद्य धड वाजविता येत नाही, ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचे ज्ञान नाही, त्याने संगीताचा निर्माता म्हणून मिरवावे, हे ढोंग नव्हे काय? अमेरिकेतील रिक रुबिन यांनी २०२३ साली एका दूरचित्रवाणी-मुलाखतीत या उणिवा मोकळेपणाने कबूल केल्या, तेव्हा अनेकांनी हाच प्रश्न केला. आमच्या मते हा आक्षेप कलेविषयीच्या अज्ञानातून निघाला आहे.

१९८४ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहातील एका खोलीतून 'डेफ जॅम' ही संस्था चालू लागली, तेव्हा रुबिन विद्यार्थी होते. पुढल्याच वर्षी एल. एल. कूल जे या तरुणाची 'रेडिओ' ही तबकडी निघाली. तीवर रुबिन यांच्या नावामागे 'निर्मिती' हा शब्द नव्हता. त्यांनी तिचा 'संक्षेप' केला, असे छापले होते. ढोलाचा ठोका ठेवावा, शब्द ठेवावेत, उरलेले गाळावे, हेच त्यांचे शास्त्र. १९८६ साली स्लेयर या कर्कश रॉक-मेळ्याची तबकडी त्यांनी केली, तीही अर्ध्या तासाच्या आत संपते.

या शास्त्राची खरी कसोटी जॉनी कॅश यांच्या वेळी लागली. ज्या कंपनीत कॅश यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे काढली, तिने त्यांस १९८६ साली निरोप दिला होता. रुबिन यांनी या वृद्ध गायकास आपल्या दिवाणखान्यात बसविले, हाती केवळ गिटार दिली आणि गावयास सांगितले. १९९४ साली निघालेल्या त्या तबकडीने कॅश यांस नवी पिढी मिळवून दिली.

कोणी म्हणेल, यात रुबिन यांनी केले काय? आम्ही उलट विचारतो, संपादक तरी काय करतो? कात्री चालविणे ज्यास सोपे वाटते, त्याने ती एकदा स्वतःच्या लेखावर चालवून पाहावी.

मात्र रुबिन यांच्या भक्तांसही एक गोष्ट सुनावणे प्राप्त आहे. मेटॅलिका या मेळ्याची २००८ सालची तबकडी इतकी चढ्या आवाजात दाबून काढली गेली की, ध्वनी फाटतो अशी तक्रार खुद्द चाहत्यांनीच केली. निर्माते रुबिनच होते. यंत्राचे अज्ञान हे यशाच्या वेळी भूषण आणि अपयशाच्या वेळी सबब, असे दुहेरी माप आम्हांस मान्य नाही. ज्याच्या कानावर विश्वास ठेवून मोबदला दिला जातो, त्याच्या कानानेच दोषाचाही जाब दिला पाहिजे. अभिरुची ही विद्या आहे, असे आम्ही मानतो. आणि विद्या म्हटली की परीक्षा आलीच.