ठिपका आणि त्याच्या खालची ओळ

मंडळी, आज थोडं चिडून लिहितेय. सांभाळून घ्या.

सीटी स्कॅन करायला जातो आपण एका गोष्टीसाठी आणि घरी घेऊन येतो दुसरीच. पोट दुखतं, अपेंडिक्सची शंका येते. अपेंडिक्स ठणठणीत निघतं, पण रिपोर्टात एक ओळ असते : यकृतात ६ मिलिमीटरचा ठिपका, 'टू स्मॉल टू कॅरेक्टराईज'. झालं! त्या दिवसापासून घरात कुणी मोठ्याने हसत नाही.

या चार शब्दांचा अर्थ कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. सीटीमध्ये प्रत्येक बिंदूला एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे हजार. ज्या हाऊन्सफील्डसाहेबांच्या नावाने ही मोजपट्टी आहे, त्यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. यकृतातल्या साध्या पाण्याच्या गाठीचा, म्हणजे सिस्टचा, आकडा शून्य ते वीसच्या आसपास येतो आणि विषय तिथेच संपतो. पण ठिपका फार बारीक असेल तर एकाच चकतीत तो आणि शेजारचं यकृत असे दोन्ही मोजले जातात, आकडा धड इकडचा ना तिकडचा. म्हणून रेडिओलॉजिस्ट प्रामाणिकपणे लिहितो की मोजता येत नाही इतकं हे लहान आहे. तो ठिपक्याच्या आकाराबद्दल बोलत असतो. आपण ऐकतो 'कॅन्सर'.

निरोगी माणसाच्या यकृतातले असे ठिपके बहुतेक वेळा साध्या सिस्ट असतात किंवा हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता. अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने (एसीआर) २०१७ मध्ये यावर सुधारित मार्गदर्शन छापलं. कॅन्सरचा पूर्वेतिहास नाही, सिरोसिस नाही, कावीळ बी-सीसारखं यकृताचं दुखणं नाही, आणि ठिपका एक सेंटिमीटरहून लहान, तर तो निरुपद्रवी समजा, पुढे काही करू नका. आणि धोका असलेला माणूस असेल तर? तरीही ३ ते ६ महिन्यांनी एमआरआय. उद्या सकाळी उपाशीपोटी या, असं नव्हे.

आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांना मात्र उद्या सकाळीच बोलावलं होतं. (नाव घेत नाही, नाहीतर दिवाळीचा फराळ बंद होईल.) वय ४६, आधीचं दुखणं काही नाही. आठवड्यात दुसरा सीटी, तोही तीन फेजचा. पोटाच्या एका साध्या सीटीत साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग होतो, निसर्गातून वर्षभरात मिळतो त्याच्या तिप्पट तरी. तीन फेज म्हणजे त्याच यकृतावरून तीनदा. मग एमआरआय. त्यात किरणोत्सर्ग नसतो, पण मग तो आधी का नाही केला, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. शेवटी निघाली साधी सिस्ट. सगळ्यांनी देवापुढे पेढे ठेवले.

आता माझ्या रागाचं खरं कारण. पहिल्याच रिपोर्टात त्या ठिपक्याच्या खाली आणखी एक ओळ होती. 'डिफ्यूज फॅटी इन्फिल्ट्रेशन.' संपूर्ण यकृतात चरबी. ती ओळ एकाही डॉक्टरने मोठ्याने वाचली नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "अहो वहिनी, फॅटी लिव्हर आजकाल सगळ्यांनाच असतं!"

सगळ्यांना असतं म्हणून ते किरकोळ, हे कुठलं तर्कशास्त्र? सीटीवर निरोगी यकृत प्लीहेपेक्षा थोडं उजळ दिसतं. चरबी साठली की आकडा घसरतो आणि यकृत प्लीहेपेक्षा काळं पडतं. म्हणजे यात 'मोजता येत नाही' अशी सबबसुद्धा नाही. याच चरबीतून काहींच्या यकृताला सूज येते, सूज राहिली तर चट्टे पडतात, पुढे सिरोसिस. आणि त्याच्या कितीतरी आधी मधुमेह आणि हृदयविकार दार ठोठावतात. भारत सरकारने २०२१ मध्ये हा आजार राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात घेतला. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी त्याचं नाव बदलून त्यात 'मेटाबॉलिक' हा शब्द घातला, तो उगाच नाही.

आणि गंमत बघा, चरबीमुळे यकृताला सूज आहे की नाही, यावर तो ठिपका कितपत गांभीर्याने घ्यायचा हेही अवलंबून असतं. म्हणजे आधी खालची ओळ वाचायला हवी होती! तीन तपासण्या झाल्या, पण साधं एसजीपीटी कुणी पाहिलं नव्हतं. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स एवढ्यावर फिब-४ नावाचा आकडा निघतो, चट्ट्यांचा धोका कमी की जास्त याचा पहिला अंदाज येतो. खर्च एमआरआयच्या पासंगालाही पुरत नाही. बहुतेक म्हणूनच कुणाला सुचत नसावं. (हा टोमणा आहे, डॉक्टर भाचेमंडळींनी मनावर घ्यावा.)

रेडिओलॉजिस्टांची बाजू मला कळते. त्यांच्या हातात 'पोटदुखी' एवढीच चिठ्ठी येते, पेशंट भेटतही नाही. उद्या काही निघालं तर कोर्टात कोण उभं राहणार? म्हणून सगळं लिहायचं आणि शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचवायचं. पण ते कोरिलेशन करायचं ज्यांनी, ते दुसरा स्कॅन लिहून मोकळे होतात. ज्याला आधी कॅन्सर झालाय किंवा हिपॅटायटिस आहे, त्याच्या ठिपक्याचा पाठपुरावा व्हायलाच हवा, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते सगळ्यांना एकाच काठीने हाकण्याशी.

आणखी एक. नव्या ठिपक्याचा सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे जुना स्कॅन. २०२०-२१ मध्ये कोरोनाच्या धास्तीने आपल्याकडे किती जणांनी छातीचा एचआरसीटी केला ते आठवा. त्या स्कॅनमध्ये यकृताचा वरचा भाग आपोआप येतो. तोच ठिपका तेव्हाही तेवढाच असेल तर तो बहुधा गरीब बिचारा आहे. पण त्या सीडीचं आपण काय केलं? कुंडीतल्या पाखरांना घाबरवायला टांगली. आधीच्या पिढीने एक्स-रे गादीखाली तरी जपले होते.

आमच्या गृहस्थांनी परवा एकदाचं रक्त तपासलं. एसजीपीटी वाढलेलं, साखर सीमारेषेवर. वजनाच्या ७ ते १० टक्के उतरवलं तर यकृताची सूज कमी होऊ शकते, असं डॉक्टरांनी आता सांगितलंय. म्हणजे ८४ किलोतले सहा ते आठ. मी पेढ्यांचा उरलेला डबा उचलून आमच्याकडे आणलाय.