श्रमिकांचे सरकारला बिनव्याजी कर्ज

प्राप्तिकराचा परतावा बँकेत जमा झाल्याचा संदेश आला की पगारदार कुटुंबात समाधान पसरते. मुलांचे शुल्क, घराची डागडुजी किंवा दवाखान्याची थकलेली रक्कम यांपैकी काहीतरी मार्गी लागते, आणि सरकारने काही दिले अशी भावना मनात राहते. ही भावना स्वाभाविक असली तरी वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. परतावा म्हणजे देय नसताना कापून घेतलेली, काही महिने सरकारच्या तिजोरीत वापरली गेलेली आणि अखेर मूळ धन्याकडे परतलेली श्रमाची कमाई होय. धनकोला त्याचे पैसे परत मिळाले म्हणून त्याने ऋणकोचे आभार मानावेत असा व्यवहार कोणत्याही सावकारी पेढीवर आढळणार नाही. प्राप्तिकराच्या क्षेत्रात मात्र तो दरवर्षी घडतो.

उगमस्थानी करकपात, म्हणजे बोलीभाषेत टीडीएस, ही पद्धत भारतात नवी नाही. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यातही पगारातून कर कापण्याची तरतूद होती. मात्र पगारातील कपात हा जगभर राज्याच्या उत्पन्नाचा पाया झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. अमेरिकेत १९४३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९४४ मध्ये वेतनातून नियमित करकपात सुरू झाली. युद्धाचा खर्च भागविण्यासाठी कोट्यवधी सामान्य कामगारांकडून कर घ्यावयाचा होता, आणि वर्षअखेरीस एकरकमी कर भरण्याची त्यांची ऐपत नव्हती. मुक्त बाजारपेठेचे पुढे प्रवक्ते ठरलेले मिल्टन फ्रीडमन त्या वेळी अमेरिकेच्या अर्थखात्यात होते आणि ही पद्धत उभी करण्यात त्यांचा हातभार होता. पुढे त्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, हा इतिहासाचा एक विनोदच. अमेरिकेत कामगार नोकरीवर रुजू होताना डब्ल्यू-४ नावाचा अर्ज भरून देतो आणि परिस्थिती बदलल्यास तो केव्हाही बदलून कपात कमीजास्त करवून घेऊ शकतो. तरीही तेथील असंख्य कुटुंबे जादा कपात तशीच राहू देतात आणि वसंत ऋतूत येणाऱ्या परताव्याला बक्षीस मानतात. अनिच्छेने झालेली बचत बक्षिसासारखी वाटू लागणे, हा या पद्धतीचा सर्वत्र आढळणारा परिणाम आहे.

भारतात पगारातून कपात करताना मालकाने कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर कर काढून तो महिन्यांत विभागावा, असा नियम आहे. कर्मचाऱ्याने वर्षारंभी करप्रणालीची निवड कळविली आणि गुंतवणूक, घरभाडे इत्यादींचे पुरावे वेळेवर दिले, तर कपात आणि देय कर यांत फारसा फरक पडू नये. २०२४ पासून तर अन्यत्र कापला गेलेला करही मालकाला कळवून पगारातील कपात कमी करून घेण्याची सोय झाली आहे. जादा झालेली कपात मालक त्याच आर्थिक वर्षात पुढच्या महिन्यांत जुळवून घेऊ शकतो. ३१ मार्च उलटल्यावर मात्र परताव्याची वाट पाहण्यावाचून उपाय उरत नाही. संघटित क्षेत्रातील नोकरदाराची अडचण म्हणूनच बऱ्याच अंशी माहितीची आणि वेळेवर कागद देण्याची आहे.

खरा अन्याय त्याच्या खालच्या पायरीवर होतो. नियमित वेतनाची नोकरी ज्यांना नाकारली गेली आहे, अशांच्या मोबदल्यातून सरसकट दराने कपात होते. तेथे वर्षाचे उत्पन्न किती, त्यावर कर लागतो की नाही, हे कोणी विचारीत नाही. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे उदाहरण घ्यावे. संस्थेने त्याचे मानधन वेतन न मानता व्यावसायिक शुल्क मानले, तर वर्षाला ५० हजार रुपयांची मर्यादा ओलांडताच दहा टक्के रक्कम कापली जाते. समजा, त्याला २०२५-२६ या वर्षात २ लाख ४० हजार रुपये मिळाले आणि दुसरे उत्पन्न नाही. त्याचा देय कर शून्य आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही असे जाहीर केले, त्याचा गाजावाजाही पुष्कळ झाला. तरीही या अध्यापकाचे २४ हजार रुपये, म्हणजे एका महिन्याच्या मानधनाहून अधिक रक्कम, कापली जाते. रंगकाम, सुतारकाम वा गवंडीकामाची छोटी कंत्राटे घेणाऱ्या कारागिराकडून एक टक्का कापला जातो. दर लहान दिसतो. परंतु तो नफ्यावर नसून बिलाच्या रकमेवर असतो, आणि त्या बिलातून त्याला मदतनिसांची मजुरी व अनेकदा सामानाचीही किंमत भागवावयाची असते. पॅन दिलेला नसेल वा निष्क्रिय ठरला असेल, तर दर साधारणतः वीस टक्क्यांवर जातो.

बँकेतील ठेवीच्या व्याजावरील कपात टाळण्यासाठी ठेवीदाराला स्वतःच घोषणापत्र देता येते. १९६१ च्या कायद्याखाली १५ जी आणि ज्येष्ठांसाठी १५ एच या नावांनी ते अर्ज सर्वपरिचित झाले. परंतु ही सोय व्यावसायिक शुल्क आणि कंत्राटी मोबदल्याला लागू केलेली नाही. तासिका प्राध्यापकाला कपात टाळावयाची असेल तर प्राप्तिकर खात्याकडे अर्ज करून कमी दराच्या कपातीचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. ज्याच्याकडे ठेव आहे त्याच्या शब्दावर कायदा विश्वास ठेवतो. ज्याच्याकडे केवळ श्रम आहेत त्याला मात्र खात्याचे प्रमाणपत्र आणावे लागते.

आता व्याजाचा हिशेब पाहावा. करदात्याने आगाऊ कर कमी भरला, तर त्याच्याकडून दरमहा एक टक्का व्याज घेतले जाते. सरकारने जादा घेतलेल्या रकमेवर मात्र दरमहा अर्धा टक्का व्याज दिले जाते. तेही कपातीच्या दिवसापासून नव्हे, तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून. आणि विवरणपत्र मुदतीनंतर भरले, तर ते भरल्याच्या तारखेपासून. परतावा निश्चित झालेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मुळीच नाही. कमी भरणा करणाऱ्यालाही दहा टक्क्यांच्या तुटीपर्यंत सूट आहे, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु दरातील दुप्पट अंतराचे समर्थन त्यामुळे होत नाही. वरील प्राध्यापकाच्या मानधनातून एप्रिल २०२५ मध्ये कापलेल्या रुपयावर मार्च २०२६ अखेरपर्यंत एक पैसाही व्याज नाही. सप्टेंबर २०२६ मध्ये परतावा मिळाला असे धरले, तर २४ हजारांवर सहा महिन्यांचे ७२० रुपये त्याच्या पदरी पडतात, आणि ते व्याजही उत्पन्नात धरले जाते. तोच सरकारचे २४ हजार देणे लागता, तर त्याच सहा महिन्यांचे १ हजार ४४० रुपये त्याच्याकडून वसूल झाले असते. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या, १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्याने कलमांची भाषा सोपी केली. हे अंतर मात्र जसेच्या तसे ठेवले.

त्या कायद्याच्या जन्मकथेतील एक प्रसंग कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या मूळ विधेयकात विवरणपत्र मुदतीत न भरणाऱ्याला परताव्याचा हक्कच राहू नये, अशी तरतूद होती. ज्यांचा कर शून्य आहे आणि जे केवळ कापलेली रक्कम मिळविण्यासाठी विवरणपत्र भरतात, त्यांच्यावरच हा वार पडला असता. संसदेच्या निवड समितीने ती गाळण्याची शिफारस केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. संकट टळले हे खरे. परंतु एका दिवसाच्या विलंबासाठी गरिबाची संपूर्ण रक्कम गिळंकृत करता येईल, असे मसुदा लिहिणाऱ्यांना वाटू शकले, ही गोष्ट शासनयंत्रणेच्या मनोवृत्तीवर प्रकाश टाकते.

यावर कोणी म्हणेल की उगमस्थानी कपातच रद्द करावी. समाजवादी विचाराला ही मागणी मान्य होण्याजोगी नाही. शाळा, रुग्णालये, रोजगार हमी आणि निवृत्तिवेतन यांसाठी राज्याला पैसा लागतो, आणि उत्पन्नाच्या उगमापाशी कर घेणे हा करचुकवेगिरीवरील सर्वांत परिणामकारक उपाय आहे. कपात जेथे होत नाही तेथे उत्पन्न लपविणे सोपे जाते, हा सर्व देशांचा अनुभव आहे. प्रश्न कपातीचा नसून ती कोणाकडून, किती आणि किती काळासाठी होते याचा आहे. कंपनी आपल्या नफ्याचा अंदाज स्वतः करते आणि त्यावरील आगाऊ कर जूनपासून मार्चपर्यंत चार हप्त्यांत भरते. सप्टेंबर २०१९ मध्ये, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ करदर २२ टक्क्यांवर आणला गेला, आणि त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल असे सरकारनेच सांगितले. २०२३-२४ मध्ये व्यक्तींकडून मिळालेला प्राप्तिकर कंपन्यांकडून मिळालेल्या करापेक्षा अधिक होता. ज्या राज्याला भांडवलासाठी एवढी उदारता परवडते, त्याला तासिका प्राध्यापकाचे २४ हजार रुपये वर्षभर अडकवून ठेवण्याची गरज आहे, असे म्हणता येणार नाही.

या प्रश्नावर कार्यकर्त्यांना दोन पातळ्यांवर काम करता येईल. पहिली पातळी सेवेची आहे. संघटनेच्या कार्यालयात एप्रिलमध्ये पगारदारांना घोषणापत्रे भरण्यास आणि वृद्धांना बँकेतील अर्ज देण्यास मदत करावी. दर तिमाहीला, मालकाने कापलेली रक्कम कामगाराच्या पॅनवर जमा दिसते की नाही, हे खात्याच्या करविवरणात तपासावे. कापलेला कर मालकाने भरलाच नाही, तर तो कामगाराकडून पुन्हा मागता येत नाही असे कायदा सांगतो. परंतु नोंदच नसेल तर परतावा अडकतो, आणि ही लबाडी वेळीच उघड झाली तरच मालकाला जाब विचारता येतो. करपात्र उत्पन्न नसले तरी कपात झालेल्या प्रत्येकाचे विवरणपत्र मुदतीत जावे. खोट्या वजावटी दाखवून मोठा परतावा मिळवून देणाऱ्या दलालांपासून लोकांना सावध करावे. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने अशा प्रकरणांत देशभर झडत्या घेतल्या, आणि अशा वेळी दलालाच्या शब्दावर सही करणारा सामान्य माणूस नोटिशीला तोंड देत बसतो.

दुसरी पातळी मागणीची आहे. सरकार घेते त्याच दराने त्याने व्याज द्यावे आणि ते कपातीच्या महिन्यापासून मोजावे. करपात्र उत्पन्न नसलेल्या कंत्राटी कारागिरांना व मानधनावरील अध्यापकांना ठेवीदारांप्रमाणे साध्या घोषणापत्रावर कपातमुक्ती मिळावी. नागरिकाचे व्याज, लाभांश, मानधन आणि खरेदी यांची माहिती खात्याच्या संगणकावर आज आपोआप गोळा होते. कर वसूल करण्यासाठी जी माहिती पुरेशी मानली जाते, ती परतावा देण्यासाठी अपुरी का मानावी? ज्यांचे नोंदलेले एकूण उत्पन्न करमर्यादेच्या खाली आहे, त्यांची रक्कम अर्जाविना त्यांच्या खात्यात गेली पाहिजे.

हा प्रश्न काही हजार रुपयांचा दिसला तरी त्याचे मर्म राजकीय आहे. समतेचा कोणताही कार्यक्रम न्याय्य करांवर उभा राहतो, आणि न्याय्य कर लोकांच्या संमतीवर. श्रमिकाला कराचा एकमेव अनुभव जर नाहक कपातीचा, विलंबाचा आणि अर्ध्या व्याजाचा येत असेल, तर कर कमी करा, सरकारी खर्च छाटा असे सांगणाऱ्यांच्या मागे तो गेल्यास दोष त्याचा नाही. देणे तेवढेच घ्यावे, जादा घेतले ते वेळेवर आणि पुऱ्या व्याजासह परत करावे, ही मागणी म्हणूनच करविरोधाची नाही. श्रीमंतांकडून अधिक कर मागण्याचा नैतिक अधिकार राज्याला टिकवावयाचा असेल, तर गरिबाचा हिशेब त्याने आधी चोख ठेवला पाहिजे.