प्रश्न चष्म्याचा नव्हे, तासांचा

अंजूरसारख्या गावातून येऊन मुंबईच्या रुग्णालयात निवासी डॉक्टर झालेल्या मुलीपुढे निवड ठेवली जाते : चष्मा की कॉन्टॅक्ट लेन्स? मास्कमधून निसटणाऱ्या वाफेने चष्मा धुरकटतो, घामाने घसरतो. लेन्सने हे टळते खरे. पण ती घालून डोळा लागला की बुबुळाला जंतुसंसर्गाचा धोका अनेक पटींनी वाढतो. आणि सलग २४ तास राबणाऱ्या माणसाचा डोळा लागणारच! तेव्हा चष्माच बरा. परंतु भिवंडीच्या यंत्रमागांवरील १२ तासांच्या पाळीला पिळवणूक म्हणणारे सज्जन या २४ तासांना ‘सेवाभाव’ कसे म्हणतात? निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः १२ तासांपलीकडे जाऊ नये, हा केंद्र सरकारचा १९९२ चा निर्देश कोणत्या कपाटात पडला आहे, याचा जाब पाळ्या लावणाऱ्यांना विचारला पाहिजे.