वारसांच्या यादीत संशोधनही असावं

अमरावतीहून सुटणारी अंबानगरी एक्स्प्रेस अकोल्यात थांबते, तेव्हा चढणाऱ्यांमध्ये एक्स-रेची मोठी पाकिटं आणि रिपोर्टांच्या फायली छातीशी धरलेली माणसं हमखास दिसतात. ‘टाटाला नेतोय’ एवढं कळलं की शेजारचा प्रवासी पुढचं काही विचारत नाही, सरकून जागा करून देतो. मुंबईत त्यांतल्या कित्येकांचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पडतो. गाडगेबाबा शेंडगावचे, अमरावती जिल्ह्यातलेच. आणि परळच्या ज्या रुग्णालयात नंबर लावायचा असतो, ते एका माणसाने मरणाआधी केलेल्या लेखी व्यवस्थेतून उभं राहिलं आहे.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. पुढच्याच वर्षी दोराबजींनी दोन विश्वस्त निधी स्थापन केले. एक पत्नीच्या नावाचा, मुख्यतः रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी. दुसऱ्यात त्यांनी आपली मालमत्ता घातली, मेहेरबाईंचे दागिनेसुद्धा. त्यांत 245 कॅरटचा जुबिली हिरा होता, कोहिनूरहून कितीतरी मोठा. जून 1932 मध्ये दोराबजी वारले. दुसऱ्या निधीच्या पैशातून 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. पहिला निधी आजही जगभरातल्या संशोधकांना पैसा पुरवतो, पण त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं.

इथेच खरी गोम आहे. वऱ्हाडाचा हात आखडता नाही. सभामंडपाला, अन्नदानाला, शाळेच्या खोलीला इथला माणूस सढळ हाताने देतो. दिलेलं डोळ्यांना दिसावं, एवढीच त्याची अपेक्षा असते. संशोधन तसं दिसत नाही. पण अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वर्षानुवर्षं खपून तयार झालेलं एखादं वाण किती शेतांत पोचतं, हे कास्तकाराला कुणी समजावून सांगायला नको. रोगाबद्दलच्या एका चोख उत्तराचंही तसंच असतं.

असं एक उत्तर महाराष्ट्राच्या खेड्यांतूनच मिळालं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायांचा अभ्यास केला. आठ वर्षं पाठपुरावा झाला. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी करून गरजेप्रमाणे उपचार दिले, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर विचारात घेतले गेले. गावं आपली, बाया आपल्या, राबणारे हात आपले. पैसा मात्र अमेरिकेतल्या गेट्स फाउंडेशनचा. त्यांनी दिला हे चांगलंच झालं. पण आपल्याच आयाबहिणींच्या जिवाचे प्रश्न सोडवायला दर वेळी परक्या तिजोरीकडे का पाहावं?

प्रश्न जवळही आहेत. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशीष आणि डॉ. कविता सातव यांची ‘महान’ संस्था उपचारांच्या जोडीने मेळघाटातली माणसं, विशेषतः बालकं, कशाने दगावतात याचा अभ्यास करते. खर्‍र्‍याने विदर्भातली तोंडं किती लवकर नासतात, हे तर कोणत्याही दंतवैद्याच्या खुर्चीजवळ उभं राहिलं तरी कळतं.

अशा संशोधनासाठी आपल्या मृत्युपत्रात एखाद्या संस्थेच्या नावे वाटा ठेवता येतो, आणि मृत्युपत्र करणं लोक समजतात तेवढं अवघड नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. संस्थेचं नाव मोघम लिहू नये. पूर्ण नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि ‘संशोधनासाठीच’ हा हेतू स्पष्ट लिहावा. ती संस्था उद्या बंद पडली तर रक्कम कुणाला जावी, तेही लिहून ठेवावं. ठरावीक आकड्यापेक्षा उरलेल्या मालमत्तेचा हिस्सा, पाच टक्के म्हणा, लिहिणं शहाणपणाचं. दहा-वीस वर्षांत आकड्याची किंमत उरत नाही. मुस्लीम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

शेताचं मात्र जपून. विदर्भाच्या 1958 च्या कूळ कायद्याने बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर बंधनं आहेत, आणि गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अशी बंधनं मृत्युपत्रानेही चुकवता येत नाहीत असा निकाल दिला. म्हणून वावर लेकरांकडे राहू द्यावं आणि संस्थेला मुदत ठेवीतला किंवा शहरातल्या प्लॉटच्या विक्रीतला वाटा लिहावा.

‘आधी पोराबाळांचं’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकाराने लहानच आहे. 100 रुपयांतले 95 पोरांनाच जातात. म्हातारपणच्या दवाखान्याला कात्री लागत नाही, कारण हयातीत एक पैसाही हातचा जात नाही. मन बदललं तर कागदही बदलता येतो. फक्त हे कलम वारसांना वकिलाच्या टेबलावर प्रथम कळू नये. दिवाळीत सगळे घरी जमतात तेव्हाच सांगून टाकावं, आणि कोणत्या रोगासाठी द्यायचं हे त्यांनाच ठरवू द्यावं. ज्या घरातून कुणाला कधीकाळी टाटाला न्यावं लागलं असेल, तिथे त्यावर फार वेळ चर्चा होणार नाही.